काळी मेंदी नावाची मेंदी नसते

परवा रात्री धाकट्या बहिणीचा मेसेज आला. युरोपात राहायला जाऊन तिला सहा महिने झालेत. "ताई, हे खरंय का गं? मी आईला चार पाकिटं पाठवायला सांगितलीत." सोबत तोच फॉरवर्ड: परदेशातले हेअर डाय जहाल असतात, त्यांनी कॅन्सर होतो, आपली काळी मेंदी वापरा, ती नैसर्गिक, म्हणून पॅच टेस्टही (आधी त्वचेवर थोडा रंग लावून बघणं) नको, तिकडचं पाणी जड, तेव्हा रंग तासभर जास्त ठेवा. हा मजकूर मला आधी तीन ग्रुपवर येऊन गेला होता, तेव्हा सोडून दिला. आता तो बहिणीच्या डोक्यावर बसायला निघालाय.

आधी ती मेंदी. मेंदीच्या पाल्यातलं रंगद्रव्य म्हणजे लॉसोन, आणि त्याचा रंग तांबूस-केशरी. रात्रभर हातावर ठेवा, तळवा लालसर तपकिरी होईल, काळाकुळकुळीत कधीच नाही. नुसती मेंदी पांढऱ्या केसांना लावली तर ते नारिंगी दिसतात. त्यावर निळीच्या पानांची पूड लावली की काळेपणा येतो, पण त्याला दोन खेपा आणि भरपूर वेळ लागतो. मग अर्ध्या तासात केस काळेभोर करणाऱ्या पाकिटात असतं काय? बहिणीकडे आधीचं एक पाकीट होतं. म्हटलं, मागची बारीक अक्षरं मोबाइलवर मोठी करून वाच. तिनं फोटोच पाठवला. यादीत तिसरं नाव पॅरा-फेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी, हेअर डायला काळा रंग देणारं रसायन. ज्याच्या धास्तीनं तिकडचा डाय नको होता तेच रसायन, पुढच्या बाजूला हिरव्या पानाचं चित्र छापून.

आणि तिकडे काय आहे? युरोपियन युनियनच्या सौंदर्यप्रसाधन नियमावलीनुसार (१२२३/२००९) केसांना लावताना पीपीडीचं प्रमाण २ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. खोक्यावर इशाराही छापावाच लागतो: तीव्र ॲलर्जी येऊ शकते, चेहऱ्यावर पुरळ असेल तर वापरू नका, आणि पूर्वी काळ्या मेंदीच्या टॅटूनं त्रास झाला असेल तरी वापरू नका. काळी मेंदी! तिथे धोका म्हणून जिचं नाव खोक्यावर येतं, ती आपण सुरक्षित म्हणून पार्सलनं पाठवतोय. इशारा तिथल्या भाषेत असतो, तो कुणाकडून तरी समजून घ्यावा.

"पॅच टेस्ट नको" हे वाक्य ज्यानं लिहिलं त्याचा मला खरोखर राग येतो. मी तेच पाकीट कितीतरी वर्षं वापरत होते, काही झालं नाही. मग एकदा लावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात. पापण्या सुजून गच्च, कपाळाच्या कडेनं पाणी सुटलेले फोड. ही ॲलर्जी अशीच असते. आधी दहादा सोसलं म्हणून अकराव्यांदा सोसेलच असं नाही, आणि ती लगेच दिसतही नाही. म्हणून कानामागे किंवा कोपराच्या खळग्यात थोडासा रंग लावून ४८ तास थांबायचं, दरवेळी. पीपीडी-फ्री लिहिलेल्या खोक्यालाही सूट नाही, कारण त्यात बहुधा त्याचंच भावंड असलेलं रसायन असतं आणि पीपीडी न सोसणाऱ्या बऱ्याच जणांना तेही सोसत नाही. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर मात्र वाट न बघता इमर्जन्सी गाठायची.

कॅन्सरच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१० च्या अहवालात केशकर्तनकारांच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलंय. ते दिवसभर त्यातच असतात. स्वतःच्या केसांना रंग लावणाऱ्यांबाबत मात्र त्याच अहवालात पुरावा अपुरा ठरवलाय.

जड पाण्यानं रंग निस्तेज होतो, हेही खरं. पण त्यासाठी रंग तासभर जास्त ठेवलात तर टाळू भाजू शकते. खोक्यावर लिहिलाय तेवढाच वेळ.

आईला पाकिटं पाठवू नकोस म्हणून कळवलंय. बहिणीनं तिथल्याच औषधांच्या दुकानातून रंग आणला आणि काल रात्री कानामागे ठिपका लावला. उद्या रात्रीपर्यंत ती थांबणार आहे.