चिकटला स्क्रू, नाव स्थिर विजेचं

घड्याळदुरुस्तीचा नाद असलेल्यांमध्ये सध्या एक सल्ला हातोहात फिरतोय: ‘चिमट्याला बारीक स्क्रू चिकटतात ते स्थिर विजेमुळे. चिमटा डीमॅग्नेटायझरवर (चुंबकत्व काढणाऱ्या यंत्रावर) धरा, नाहीतर प्लॅस्टिकचा घ्या. टेबलावर रबराची चटई टाका. नाहीतर चावीचं घड्याळसुद्धा पुढे पळायला लागेल.’ यात चुंबकत्व आणि स्थिर वीज यांची पार खिचडी झाली आहे.

आधी स्क्रू. तो पोलादी. झटकूनही सुटत नसेल तर चिमट्यात चुंबकत्व आलंय. खात्री करायची तर तोच चिमटा पितळी चाकाजवळ किंवा माणकाच्या ज्वेलजवळ (चाकाचा आस ज्यात फिरतो त्या खड्याजवळ) न्या. पितळ आणि माणिक चुंबकाला दाद देत नाहीत. तेही उडी मारून आले, तर स्थिर विजेचा संशय घ्या. टेकवल्यावरच चिकटले, तर बहुधा तेल. मुंबईत ऐन जुलैत ज्वेल चिमट्याला लोंबकळत असेल, तर मी आधी चिमट्याची टोकं स्वच्छ पुसतो. त्या दमट हवेत स्थिर वीज टिकणार किती? नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात गोष्ट वेगळी.

डीमॅग्नेटायझर काय करतो? त्याच्या कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र सतत दिशा बदलत असतं. बटण दाबून ठेवून चिमटा हळूहळू हातभर लांब न्यायचा, मग बटण सोडायचं. चिमटा आत असतानाच बटण सोडलं तर चुंबकत्व उरू शकतं. स्थिर विजेवर मात्र या यंत्राचा काडीचाही परिणाम नाही. आणि हातातल्या पोलादी चिमट्यावर वेगळा असा विद्युतभार साठत नाही, साठतो तो तुमच्या अंगावर. नायलॉनचा शर्ट, खुर्चीवरची घासाघीस, आणि चिमटा म्हणजे तुमचंच लांबलेलं बोट.

प्लॅस्टिकचा चिमटा खरा कामाचा सेल उचलताना, शॉर्ट होऊ नये म्हणून. साधं प्लॅस्टिक घासलं की भार धरतं आणि सोडत नाही. साध्या रबरी चटईचंही तेच. खास अँटिस्टॅटिक चटई किंचित वीजवाहक असते आणि वायरने अर्थिंगला जोडलेली असते.

चावीचं घड्याळ पुढे पळतं ते हेअरस्प्रिंगमध्ये, म्हणजे केसासारख्या बारीक स्प्रिंगमध्ये, चुंबकत्व आल्याने. तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळाची चाल ठरवणारं डोलतं चाक, घाईने डोलू लागतं. स्थिर विजेवर तिथे आळ घेऊ नका. तिचा जाच होतो तो काच बसवताना: एचएमटी जनताची अॅक्रिलिक काच कोरड्या फडक्याने घासा, आतल्या बाजूला फडक्याचाच तंतू येऊन बसतो. फुंकणी मारली की तो डायलच्या दुसऱ्या कोपऱ्यात जातो, एवढंच. काच ओलसर फडक्याने पुसा, वाळू द्या, लगेच बसवा.

सल्ल्यात स्थिर विजेची भीती आहे, पण क्वार्ट्झचं, म्हणजे सेलवरच्या घड्याळाचं, नावही नाही, ही खरी गंमत. 32,768 हर्ट्झच्या स्फटिकामागे सीमॉस आयसी, म्हणजे स्थिर विजेला नाजूक असलेली इलेक्ट्रॉनिक चिप, असते. ठिणगी बोटाला जाणवायला सुमारे 3,000 व्होल्ट लागतात. उघडी आयसी त्याहून बऱ्याच कमी व्होल्टनेही, तुम्हाला पत्ता न लागता जाऊ शकते. म्हणून क्वार्ट्झचं मशीन उघडताना मनगटाला अर्थिंगचा पट्टा हवा, तोही 10 लाख ओहमचा रेझिस्टर असलेला. चुकून 230 व्होल्टला हात लागलाच, तर त्या पट्ट्यातून पाव मिलिअँपिअरही करंट जात नाही. नुसती तांब्याची वायर मनगटाला गुंडाळून बसणारेही मी पाहिलेत. त्यांनी ती आजच काढावी.