बेडूक आरेत सोडायला नेऊ नका

पावसाळा लागला की मुलुंड, गोरेगाव, बोरिवलीच्या सोसायट्यांत रात्री पार्किंगच्या दिव्याखाली बेडूक दिसतो आणि भोवती झाडू घेतलेली माणसं. कुणीतरी कळवळून म्हणतं, "बिचारा वाट चुकलाय, आरेच्या जंगलात सोडून येऊ." कृपा करून नेऊ नका. तो वाट चुकलेला नाही. दिव्यावर आलेले किडे खाली पडतात, ते टिपायला तो बसतो आणि दिवसा तुमच्याच कुंड्यांमागे दडतो. परक्या जागी त्याला ना आडोसा ठाऊक, ना पाणी. शिवाय बेडकांच्या कातडीचा बुरशीचा रोग अशा हलवाहलवीतूनही पसरतो.

अंगभर खरखरीत पुटकुळ्या, डोळ्यांमागे दोन फुगीर लांबट गाठी, उड्या आखूड, तो भेक. विष त्या गाठींत असतं. दाबलं किंवा चावलं तर पांढरट चीक सुटतो. चामखीळ मात्र त्याच्यामुळे येत नाही, ती विषाणूमुळे येते. बाथरूमच्या टाइल्सला चिकटलेला, बोटांच्या टोकांना गोल चकत्या असलेला सडपातळ प्राणी म्हणजे झाडबेडूक. त्याला ओढून काढू नका, बोटं दुखावतात. वरून डबा पालथा घाला, कडेनं पुठ्ठा हळू सरकवा, बाहेर झाडाशी ठेवा.

हलवायचंच असेल तर 20-30 फुटांवर, त्याच आवारातल्या ओल्या झुडपाखाली. हाताला साबण, सॅनिटायझर किंवा डासांचं क्रीम नको. बेडूक पाणी तोंडानं पीत नाही, कातडीतून शोषतो, त्यामुळे हातावरचं सगळं त्याच्या अंगात उतरतं. हात साध्या पाण्यानं ओले करा, नंतर साबणानं स्वच्छ धुवा, तोवर डोळे चोळू नका. मीठ आणि फिनेल टाकणाऱ्यांनी तर हे नक्की लक्षात घ्यावं: ती कातडी भाजते.

कुत्र्यानं भेक तोंडात धरला आणि फेस आला, तर त्याचं डोकं खाली झुकवून जबड्याच्या कडेनं हलकं पाणी 5-10 मिनिटं सोडा. घशात पाणी जाऊ देऊ नका. मग लगेच पशुवैद्य.

खरा घात उभ्या भिंतींच्या खड्ड्यांत होतो. पंपाचा खड्डा, ड्रेनेजचे उघडे चेंबर: भेक पडला की त्याला चढता येत नाही, पोहून दमतो आणि बुडतो. गोणपाट गुंडाळलेली फळी तिरकी टाकून ठेवा, तळापासून काठापर्यंत. आणि पहाटे गाड्या निघण्याआधी टायरांपुढे टॉर्च मारायला वॉचमनकाकांना सांगा.