‘लोकांना घाबरवू नका’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची कमेंट काल रात्रीच वाचली, पण रागात काहीतरी लिहिलं जाईल म्हणून सकाळपर्यंत थांबले. ताईला मेंदूच्या रेडिएशननंतर विसरायला व्हायला लागलं, या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं असं की मी डॉक्टर नाही, विसरणं ट्यूमरमुळेही होतं त्याचं खापर मी रेडिएशनवर फोडलं, आणि तुमच्या आईंनी लेख वाचून ‘मला नको ते मशीन’ असा हट्ट धरलाय. हे शेवटचं वाचून पोटात गोळा आला. म्हणून आधी आईंबद्दल बोलते.

त्यांना सांगा की ताईचा आजार वेगळा होता. तिचा लो ग्रेड ग्लायोमा, मेंदूतच उगवलेला आणि हळू वाढणारा, त्याला ऑपरेशननंतर ५४ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं माप), ३० सिटिंग, सहा आठवडे रोज ते जाळीचं मास्क तोंडावर आवळून झोपायचं. आईंचा फुफ्फुसाचा कॅन्सर मेंदूत पसरलाय आणि अख्ख्या मेंदूला १० सिटिंग सांगितलेत, म्हणजे आजार वेगळा, डोस वेगळा, हिशोबच वेगळा. ताईचं वाचून त्यांनी नाही म्हणू नये. ताई आज आमच्यात आहे त्यात त्या मशीनचा वाटा आहे, हे मी लेखात एका ओळीत उरकलं ते चुकलंच, आजच ते वर घेते.

पण सर, नुसतं ‘काही होत नाही’ सांगून त्यांना नेऊ नका. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. मेंदूतले डाग, म्हणजे पसरलेल्या गाठी, मोजकेच असतील तर फक्त त्या डागांवर नेम धरून रेडिएशन देता येईल का, कारण २०१६ साली आलेल्या २१३ पेशंटच्या ट्रायलमध्ये, एक ते तीन डाग असलेल्यांना त्या नेमक्या रेडिएशनसोबत अख्ख्या मेंदूलाही दिलं तेव्हा तीन महिन्यांत सुमारे ९२ टक्के लोकांची स्मरणशक्ती-विचारशक्ती टेस्टमध्ये घसरलेली दिसली, आणि फक्त डागांवर दिलं त्यांच्यात ६४ टक्के. आणि अख्ख्या मेंदूलाच द्यायचं असेल तर हिप्पोकॅम्पस वाचवता येईल का. हा मेंदूत दोन्ही बाजूंना आत खोल असलेला छोटासा भाग, नवीन गोष्ट लक्षात ठेवायचं काम त्याचं, आणि रेडिएशनने त्याला फार इजा होते. २०२० साली छापून आलेल्या ५१८ पेशंटच्या ट्रायलमध्ये सगळ्यांना मेमँटिन गोळी दिली, ही अल्झायमरमध्ये देतात तीच, आणि निम्म्यांचा हिप्पोकॅम्पस वाचवला, त्यांच्यात मेंदूचं काम घसरायचा धोका २६ टक्क्यांनी कमी झाला, किती दिवस जगले त्यात फरक पडला नाही. सगळ्यांना हे जमेलच असं नाही, डाग तिथेच जवळ असेल तर नाही करता येत, पण विचारायला काय जातं.

आता ट्यूमरचा मुद्दा. तो तुमचा बरोबर आहे. ट्यूमर, ऑपरेशन, फिटच्या गोळ्या, स्टेरॉइड, झोप न लागणं, सगळ्यांनीच डोकं मंदावतं. ताईसारख्या ट्यूमरवर नेदरलँड्समध्ये मोठा अभ्यास झाला, त्यात २००२ साली हेच निघालं की जास्त दोष ट्यूमरचा आणि फिटच्या औषधांचा. पण त्यातल्याच काही पेशंटना सरासरी १२ वर्षांनी परत तपासलं, तर रेडिएशन घेतलेल्यांचं लक्ष लागणं घसरत गेलं होतं, न घेतलेल्यांचं तसं नव्हतं. हा उशिराचा परिणाम आहे सर. मशीनवरून उतरल्यावर पेशंट ठीक दिसतो, सगळे पेढे वाटून मोकळे होतात, आणि खरं सुरू होतं ते महिन्यांनी, कधी वर्षांनी.

ताई ब्लाऊज शिवते. दीड वर्ष सगळं छान होतं, मग एक दिवस मी तिच्याकडे बसले होते, तिने एका बाईंचं माप घेतलं, ‘मुंढा साडेसोळा’ असं स्वतःच म्हणाली, टेप गळ्यात टाकला, वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि थांबली. आकडा गेला होता. परत माप घेतलं, परत गेला. तिसऱ्यांदा बाईच म्हणाल्या, ‘अहो साडेसोळा’. नंतर तिने एकीचं पैठणीचं कापड पाठ-पुढा उलटा कापलं, आणि आम्ही काय म्हणालो माहितीये, ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ आई म्हणाली मोबाईल कमी कर. भाऊजी म्हणाले आजारपणाचं किती दिवस धरून बसणार. जवळजवळ वर्षभर ती आमची बोलणी खात होती, आणि तिला स्वतःलाही वाटत होतं की आपण आळशी झालोय. सही घेतलेल्या कागदावर कुठेतरी एक ओळ असेलही, पण तोंडाने आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी लेख लिहिला तो तिच्या त्या वर्षासाठी.

आणि हे सांगितल्याने इलाज सुधारतो. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये २००१ ते २०१२ मध्ये मेंदूच्या ट्यूमरचे २०० लहान-तरुण पेशंट घेऊन ट्रायल झाली, दोन्ही गटांना ५४ ग्रेच, ३० सिटिंगच, फक्त एका गटात नेम जास्त बारीक. पाच वर्षांनी त्या गटाचा बुद्ध्यांक चांगला टिकला होता आणि ट्यूमर आटोक्यात ठेवण्यात काही कमी पडलं नव्हतं. कुणीतरी ‘जीव वाचला ना, बास’ यावर थांबलं नाही म्हणून हे कळलं.

तुमच्या आईंची स्मरणशक्तीची साधी टेस्ट सुरू होण्याआधी करून घ्या, म्हणजे पुढे काही झालं तर तुलना करता येईल, आमच्याकडे ती नव्हती. त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर इथेच कळवा, ताईसुद्धा बोलेल. ती शिवते अजून, आता माप मोठ्याने सांगते आणि शेजारची मुलगी वहीत लिहिते.