मेडसर्जचं उत्तर शेवटच्या मथळ्यापासून सुरू करा

मेडिकल-सर्जिकल नर्सिंग अवघड आहे, हे प्रत्येक बॅच पुढच्या बॅचला सांगत आलीय. पुस्तक जाड आहे, आजार संपता संपत नाहीत, हे खरंच. पण या विषयाची खरी वाट लावलीय ती उत्तर लिहायच्या साच्याने, असं माझं आता ठाम मत झालंय.

कुठलाही आजार घ्या. व्याख्या, कारणं, पॅथोफिजिऑलॉजी (आजारात शरीरात नेमकं काय बिघडतं ते), लक्षणं, तपासण्या, मेडिकल मॅनेजमेंट, सर्जिकल मॅनेजमेंट आणि अगदी शेवटी नर्सिंग मॅनेजमेंट. तिथवर पोचेपर्यंत वेळ संपत आलेला असतो, हात भरून आलेला असतो, आणि मग सगळ्यांच्या पेपरात तीच पाच वाक्यं उतरतात. व्हायटल्स (ताप, पल्स, श्वास, बीपी) तपासणे. इनटेक-आउटपुट चार्ट (पोटात-शिरेत किती गेलं, लघवीवाटे किती आलं याची नोंद) ठेवणे. आरामदायक पोझिशन देणे. डॉक्टरांच्या आदेशानुसार औषधं देणे. पेशंट व नातेवाइकांना मानसिक आधार देणे. हार्ट फेल्युअर असो, भाजलेला पेशंट असो की थायरॉइडचं ऑपरेशन, वरचं आजाराचं नाव झाकलं तर खालचं उत्तर कोणत्या पेशंटचं आहे हे पेपर तपासणाऱ्या मॅडमनाही सांगता येणार नाही.

आणि याच मथळ्याखालचं काम आपण आयुष्यभर करणार आहोत. म्हणून ज्युनिअर्सना माझं कळकळीचं सांगणं आहे: हा मथळा आधी उघडा आणि त्यातल्या प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारा. कशासाठी? किती वेळाने? आणि काय दिसलं तर लगेच कुणाला हाक मारायची? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलात की पॅथोफिजिऑलॉजी आपोआप वाचावी लागते, आणि मग ती डोक्यात राहतेही.

इनटेक-आउटपुटचंच बघा. हार्ट फेल्युअरच्या पेशंटच्या शरीरात पाणी साठतंय. त्याला फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध दिलं की लघवी वाढायला हवी, म्हणून आपण मोजतो. पण त्याहून भरवशाचं आहे ते रोज सकाळचं वजन: लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर. १ लिटर पाणी म्हणजे साधारण १ किलो. त्यामुळे पायावरची सूज डोळ्यांना दिसायच्या आधी काटा बोलतो. शिवाय त्या लघवीबरोबर पोटॅशियमही बाहेर जातंय. रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान हवं. ते घसरलं आणि पेशंट डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधावरही असेल, तर त्याची विषबाधा व्हायला वेळ लागत नाही. मग "सिस्टर, मळमळतंय, अशक्तपणा वाटतोय" हे वाक्य साधं उरत नाही. पल्स पूर्ण मिनिट मोजायची, लय नियमित आहे का ते बघायचं, सकाळचा रिपोर्ट शोधायचा.

आता तोच चार्ट भाजलेल्या पेशंटच्या बेडला लावा. इथे सगळं उलट. पहिल्या काही तासांत केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, पेशंट सुजलेला दिसतो आणि रक्तवाहिन्या मात्र रिकाम्या होत असतात. भाजलेल्याला शिरेतून किती फ्लुइड द्यायचं, त्याचं पार्कलंडचं सूत्र आपण सगळ्यांनी पाठ केलंय: ४ मिली गुणिले वजन गुणिले भाजलेल्या भागाची टक्केवारी. ६० किलोचा पेशंट ३० टक्के भाजला असेल तर २४ तासांत ७,२०० मिली, त्यातलं अर्धं म्हणजे ३,६०० मिली पहिल्या ८ तासांत. पण ते ८ तास भाजल्याच्या वेळेपासून धरायचे, वॉर्डात आल्यापासून नाही. पेशंट २ तास उशिरा पोचला आणि वाटेत काहीच मिळालं नसेल, तर तेच ३,६०० मिली ६ तासांत द्यायचेत, म्हणजे तासाला ६००. आणि हे सूत्र सुरुवात करून देण्यापुरतं. पुढे फ्लुइड पुरतंय की नाही हे मुख्यतः लघवी सांगते, मोठ्या माणसात किलोमागे तासाला निदान अर्धा मिली. आपल्या पेशंटला ३०. म्हणजे हार्ट फेल्युअरमध्ये दिवसाची बेरीज चालते, इथे दर तासाला कॅथेटरच्या पिशवीकडे बघावंच लागतं. "इनटेक-आउटपुट चार्ट ठेवणे" हे वाक्य दोन्ही पेपरांत एकच, काम मात्र पूर्ण वेगळं.

व्हायटल्सबद्दल तर किती लिहू असं होतं. ऑपरेशननंतर आत रक्तस्राव होत असेल तर बीपी सगळ्यात शेवटी पडतं. धडधाकट माणसाचं ३० टक्क्यांपर्यंत रक्त गेलं तरी वरचा आकडा जागेवर राहू शकतो, कारण शरीर रक्तवाहिन्या आवळून तो सांभाळून धरतं. त्याआधी पल्स वाढते, बीपीच्या दोन आकड्यांमधलं अंतर कमी होतं, हात-पाय गार पडतात, लघवी कमी होते आणि पेशंट उगाचच अस्वस्थ होतो. ही अस्वस्थता आपण "दुखत असेल" म्हणून सोडून देतो. त्यात पेशंट बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारं औषध) घेत असेल तर पल्ससुद्धा म्हणावी तशी वाढत नाही. एकटा आकडा वाचून काही कळत नाही. मागचे चार आकडे शेजारी ठेवून वाचले की कळतं.

पण माझा खरा जीव अडकलाय तो श्वासांत. टीपीआर शीट (ताप, पल्स, श्वासाचा तक्ता) उघडून बघा, श्वासाच्या रकान्यात ओळीने २०, २०, २० दिसतील. न्यूमोनियाचा पेशंट २०, हर्नियाचा २०, उद्या डिस्चार्ज होणारा २०. एका वॉर्डात सगळी माणसं मिनिटाला नेमके वीसच श्वास घेतात, हे शक्य तरी आहे का? थर्मामीटर, बीपीचं मशीन, पल्स ऑक्सिमीटर आकडा दाखवतात, म्हणून तो लिहिला जातो. श्वास मोजायला मात्र आपल्यालाच पूर्ण मिनिट उभं राहावं लागतं, आणि ते मिनिट कुणी देत नाही.

शरीराला ऑक्सिजन कमी पडला किंवा रक्तात आम्ल साठलं की फुप्फुसं वेग वाढवून ते भरून काढायला बघतात. म्हणून सेप्सिस (जंतुसंसर्गाने सगळं शरीर बिघडणं), डायबेटिक किटोअ‍ॅसिडोसिस (डायबेटिसमध्ये रक्तात आम्ल साठणं), रक्तस्राव, फुप्फुसातली गुठळी अशा किती तरी प्रसंगी श्वास आधी वाढतो आणि बाकीचं मागून बिघडतं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर (पेशंट बिघडतोय का हे व्हायटल्सना गुण देऊन ओळखायची पद्धत) आणला, २०१७ मध्ये तो सुधारला. त्यात १२ ते २० श्वासांना शून्य गुण, २१ ते २४ ला २ आणि २५ किंवा त्याहून जास्तला एकदम ३. एकाच मापाला ३ गुण पडले की बाकी सगळं ठीक असलं तरी पेशंटला तातडीने पुन्हा बघायचं. म्हणजे २६ श्वास घेणाऱ्या माणसापुढे २० लिहिलं की तो इशाराच पुसला गेला.

ऑक्सिमीटरवर ९७ आहे ना, मग काय झालं, असं म्हणणारेही भेटतात. अहो, मास्क लावलाय आणि पेशंट मिनिटाला ३० श्वास घेऊन ते ९७ टिकवतोय! किती वेळ टिकवणार? मोजायची पद्धत साधी आहे. पल्स मोजून झाली तरी बोटं मनगटावरून काढू नका, नजर तेवढी छातीवर न्या. श्वास मोजतेय असं सांगितलं की माणूस नकळत वेगळा श्वास घेतो. मोजता मोजता मानेचे स्नायू ओढले जातायत का, नाकपुड्या फुलतायत का, एक वाक्य पुरं करताना मध्ये थांबावं लागतंय का, हेही दिसतं. त्या एका मिनिटात जे कळतं ते मशीनच्या स्क्रीनवर येत नाही.

पोझिशनचं एक उदाहरण देतेच, कारण ते मी वॉर्डात बघितलंय. थायरॉइडचं ऑपरेशन झालेल्या बाई, डोक्याकडची बाजू वर करून ठेवलेल्या, गळ्यावरचं ड्रेसिंग कोरडं. आम्ही स्टुडंट्स पुढून बघून "ड्रेसिंग ड्राय" लिहिणार, एवढ्यात सिस्टरांनी ग्लोव्ह घातलेला हात हळूच मानेच्या मागे सरकवला, चादरीपर्यंत फिरवला आणि बाहेर काढून बघितला. रक्त उताराने मागे जातं, पुढचं ड्रेसिंग कोरडंच राहू शकतं. मग त्यांनी बाईंना नाव विचारलं. आवाज बसलाय का, गळ्याशी आवळल्यासारखं वाटतंय का हे त्यांना ऐकायचं होतं, कारण तिथे साठलेलं रक्त श्वासनलिका दाबतं. ट्रेकिऑस्टोमीचा (गळ्यातून श्वासनलिकेला वाट करून द्यायचा) सेट बेडशेजारी कशासाठी ठेवतात ते मला त्या दिवशी पटलं. शेवटी त्यांनी ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतायत का तेही विचारलं. थायरॉइडला चिकटून असलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथींना धक्का लागला की कॅल्शियम पडतं, त्याची ही पहिली खूण. दोन मिनिटांत आटोपलं सगळं. "आरामदायक पोझिशन देणे" मध्ये यातलं काय बसतं, सांगा.

औषधांबद्दल थोडक्यातच. आदेशानुसार द्यायची हे बरोबर, पण आदेश वाचता यायला हवा. पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत पुश केलं तर हृदय बंद पडू शकतं. सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या ज्या पेशंटना कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असतो, त्यांचं ऑक्सिजनचं लक्ष्य ८८ ते ९२ असतं, १०० गाठायचं नसतं. हे ज्याला माहीत आहे तो स्टुडंट हात आखडता घेऊन विचारेल तरी.

आणि मानसिक आधार. हे वाक्य लिहिताना आपल्याला सगळ्यात कमी विचार करावा लागतो, म्हणून ते मला सगळ्यात जास्त खुपतं. नवीन कोलोस्टोमी झालेला, म्हणजे शौचासाठी मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढलेला माणूस पहिल्यांदा स्वतःच्या पोटाकडे बघतो तेव्हा त्याला "काळजी करू नका" नको असतं. निरोगी स्टोमा (ते पोटावरचं तोंड) लालसर, ओलसर असतो, पुसताना थोडं रक्त दिसू शकतं, त्या भागाला स्पर्शाच्या वेदना होत नाहीत, हे त्याला हवं असतं. आणि तो जांभळा किंवा काळपट दिसला तर रक्तपुरवठा तुटतोय, ताबडतोब कळवायचं, हे आपल्याला माहीत असायला हवं. माहिती असलेल्या माणसाने शांतपणे सांगितलेल्या दोन गोष्टींनी जो धीर येतो तो नुसत्या गोड बोलण्याने येत नाही.

यावर मैत्रिणी म्हणतात, वॉर्डात एका सिस्टरकडे इतके पेशंट असतात, कोण उभं राहणार मिनिटभर? हा प्रश्न खोटा नाही. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा ९ युरोपीय देशांतला अभ्यास २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ऑपरेशन झालेल्या पेशंटमध्ये, नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे ती ७ टक्क्यांनी कमी दिसली. माणसं वाढवा ही मागणी त्यामुळे करायलाच हवी, जोरात करायला हवी. पण आपण काय शिकतोय याचाही पेशंटच्या जगण्याशी संबंध आहे, हे त्याच अभ्यासात आहे. वेळ कमी असेल तेव्हा वीसपैकी कोणत्या दोन पेशंटजवळ आधी जायचं, हे ज्ञानच ठरवतं.

मी अभ्यास कसा करते, असं इनबॉक्समध्ये विचारलंय काही जणींनी. पोस्टिंगमध्ये एक पेशंट निवडते. पुस्तक उघडायच्या आधी वहीत लिहिते की या शिफ्टमध्ये या माणसाचं काय बिघडू शकतं आणि त्याची पहिली खूण काय असेल. मग पुस्तक. सीनिअरच्या फाइलमधला केअर प्लॅन उतरवण्यापेक्षा याला वेळ जास्त लागतो, हे मान्य.

मॅडम-सरांना एकच विनंती आहे. "बर्न्सचं नर्सिंग मॅनेजमेंट लिहा" असा प्रश्न आला की आम्ही ती पाच वाक्यं लिहिणारच. त्याऐवजी असं विचारा: वजन ६० किलो, ३० टक्के भाजलेला, भाजून ४ तास झालेत, गेल्या तासात लघवी १५ मिली, पल्स १२८. तुम्ही आधी काय कराल? मग आम्हाला लिहावं लागेल की कॅथेटरची नळी कुठे मुडपली आहे का ते बघू, सलाइन खरंच चालू आहे की सुईची जागा सुजलीय ते बघू, आतापर्यंत किती गेलं आणि किती जायला हवं होतं याची बेरीज करू, पुन्हा पल्स-बीपी-श्वास मोजू, आणि हे सगळे आकडे हातात घेऊन लगेच डॉक्टरांना फोन करू.