कोहिनूर म्हणे ‘भेट’ दिला!

शेजाऱ्यांनी पाठवला तेव्हा सोडून दिला होता, आता तोच मेसेज मामांनी घरच्या ग्रुपवर टाकलाय, वर हात जोडलेले. त्यात तीन गोष्टी आहेत. कोहिनूर रणजितसिंहांनी व्हिक्टोरिया राणीला भेट दिला, शिखांकडे नुसत्या तलवारी होत्या, आणि पंजाब गेला तो फक्त लालसिंग-तेजसिंग या शीख सेनापतींच्या फितुरीने.

मामा, रणजितसिंह वारले जून १८३९ मध्ये. कोहिनूर गेला २९ मार्च १८४९ च्या लाहोरच्या तहाने. सगळी मिळून पाच कलमं आहेत, एकदा वाचा. तिसऱ्यात स्पष्ट लिहिलंय की रणजितसिंहांनी अफगाण शाह शुजाकडून घेतलेला कोहिनूर लाहोरच्या महाराजांनी इंग्लंडच्या राणीच्या हवाली करावा. भेट द्यायला तहात कलम घालावं लागतं?

आणि हे महाराज म्हणजे रणजितसिंहांचा मुलगा दुलीपसिंग, वय वर्षं दहा! आई जिंदन कौर यांना १८४७ मध्येच त्याच्यापासून दूर धाडलेलं. डिसेंबर १८४६ च्या भैरोवालच्या तहाने तो सोळा वर्षांचा होईपर्यंत राज्याचा सांभाळ इंग्रजांकडेच होता. १८४८ चा मुलतानचा उठाव त्यांच्याच देखरेखीत झाला, त्यातून दुसरं इंग्रज-शीख युद्ध पेटलं, आणि भरपाई वसूल केली या अज्ञान पोराकडून. पालकानेच पाल्याची इस्टेट लिहून घेतली.

१८५४ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात राणीने दाखवलेला हिरा दुलीपसिंगाने परत तिच्या हाती ठेवला, हे खरं. ‘भेटी’ला आधार असेल तर एवढाच. पण तोवर हिरा तिच्या मालकीचा होऊन, १८६ कॅरटांवरून १०६ च्या आसपास घासूनही झाला होता. पुढे मोठेपणी दुलीपसिंगाने तो परत मागितलाच.

तलवारींचं काय बोलायचं! लाहोरची फौज युरोपियन अधिकाऱ्यांनी कवायत शिकवलेली, तोफा स्वतः ओतणारी. डिसेंबर १८४५ मध्ये पहिल्या इंग्रज-शीख युद्धात फिरोजशहाच्या लढाईच्या रात्री खुद्द गव्हर्नर जनरल हार्डिंगने जवळची नेपोलियनची तलवार मागे पाठवून दिली होती, पराभव इतका जवळ दिसत होता. दुसऱ्या युद्धात चिलियनवालाच्या लढाईत तर इंग्रजांचे दोन हजारांवर मेले-जखमी झाले.

फितुरी मात्र झाली, नाइलाजाने मान्य. लालसिंगाचा फिरोजपूरच्या इंग्रज अधिकाऱ्याशी संपर्क होता, तेजसिंग सोब्रावच्या लढाईत रणातून निघून गेला. पण ते पहिलं युद्ध. दुसऱ्याच्या वेळी लालसिंग हद्दपार होता, तेजसिंग इंग्रजांच्या बाजूला. तरी पंजाबातल्या गुजरातला, फेब्रुवारी १८४९ मध्ये, शीख हरले. तिथे इंग्रजांच्या तोफा शंभराच्या घरात होत्या, शिखांच्या साठेक.