मंत्र्यांना कारण आधीच कळतं, मग चौकशी कशाला?

रविवारी रात्री भुसावळहून वहिनींनी एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "भाऊजी, हे खरं आहे का?" दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, मालगाडीवर लोको पायलट, म्हणजे इंजिन ड्रायव्हर आहे. फॉरवर्ड आला होता आमच्याच घरच्या ग्रुपवर. धाकट्या काकांनी टाकलेला, वर हात जोडल्याचं चिन्ह आणि 'अवश्य वाचा'. काकांना उलट उत्तर द्यायची आमच्याकडे पद्धत नाही. पण वहिनींना द्यायला हवं.

मजकूर थोडक्यात असा: अपघातांची चौकशी करणारा रेल्वे सुरक्षा आयुक्त, ज्याला सगळे सीआरएस म्हणतात, तो रेल्वेचाच माणूस, तो घरचं झाकणार. कानपूरजवळचा २०१६ चा अपघात हा सीमेपलीकडून रचलेला कट होता, 'हे सिद्ध झालं'. कांचनजंगाच्या अपघातात ड्रायव्हरने सिग्नल मोडला हे रेल्वे बोर्डाने त्याच दिवशी सांगितलं, मग पुढे चौकशीचा घोळ कशाला? बालासोरला मंत्र्यांनी दीड दिवसात कारण शोधलं, त्याला 'राजकीय हस्तक्षेप' म्हणणाऱ्यांना देशाचं भलं बघवत नाही. आणि परदेशात असले लाड नसतात.

कांचनजंगापासून सुरू करतो, कारण वहिनींची झोप त्यानेच उडवली.

१७ जून २०२४. न्यू जलपाईगुडीजवळ रंगापानीपाशी मालगाडी कांचनजंगा एक्स्प्रेसवर मागून आदळली. दहा माणसं गेली. त्यात मालगाडीचा लोको पायलट होता आणि एक्स्प्रेसचा गार्डही. अपघात सकाळचा. त्याच दिवशी रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनी कॅमेऱ्यासमोर सांगून टाकलं की मालगाडीच्या चालकाने सिग्नल पाळला नाही. अजून कुणाची जबानी नाही, कागद तपासलेले नाहीत, आणि जो बोलू शकला असता तो इंजिनात मेलेला. सहायक लोको पायलटही गेला असं आधी पसरलं होतं. तो दवाखान्यात जिवंत निघाला. कोण मेलं हे जिथे धड ठरलं नव्हतं, तिथे कुणाची चूक हे मात्र ठरलं होतं!

मग सीआरएसचा अहवाल आला. त्या टप्प्यातले ऑटोमॅटिक सिग्नल पहाटेपासून बंद होते. अशा वेळी स्टेशन मास्तर चालकाच्या हातात एक छापील परवाना देतो: अमुक सिग्नल लाल असले तरी ओलांडायची मुभा. त्या दिवशी दिला तो टीए ९१२. अहवाल म्हणतो, कागदच चुकीचा दिला गेला, आणि त्यावर किती वेगाने जायचं हे लिहिलेलं नव्हतं. सिग्नल बिघडल्यानंतर त्या टप्प्यात शिरलेल्या गाड्यांपैकी प्रत्येक सिग्नलला थांबत, रांगत नियमाने चालली ती एकटी कांचनजंगा. बाकीच्यांनी कागदाचा अर्थ आपापल्या परीने लावला. म्हणजे चालकांना हे नीट शिकवलंच गेलं नव्हतं. आयुक्तांनी लिहिलं की हा अपघात होण्याची वाटच बघत होता.

मालगाडी जोरात होती का? होती. समोर डबे दिसताच चालकाने इमर्जन्सी ब्रेक मारला तेव्हा वेग ताशी ७८ किलोमीटर होता. हे मी लपवत नाही, अहवालही लपवत नाही. पण 'ड्रायव्हरने सिग्नल मोडला' हे वाक्य आणि 'सिग्नल ओलांडायचा कागद त्याच्या हातात दिला होता' हे वाक्य शेजारी ठेवून वाचा. पहिल्यावर प्रकरण तिथेच मिटतं. दुसऱ्यापाठोपाठ स्टेशन मास्तर, डिव्हिजनचे अधिकारी, प्रशिक्षण, फॉर्म छापणारं खातं, सगळ्यांना उत्तर द्यावं लागतं. पहिलं कुणाच्या सोयीचं, हे मी काकांना समजावून सांगायला नको.

आता कानपूर. इथे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने सरळ थाप मारली आहे.

२० नोव्हेंबर २०१६ च्या पहाटे पुखरायांजवळ इंदूर-पाटणा एक्स्प्रेसचे १४ डबे घसरले. सुमारे दीडशे माणसं झोपेत मेली. पुढे जानेवारीत बिहारमध्ये काही लोक पकडले गेले आणि घातपाताची चर्चा सुरू झाली. तेव्हाचे रेल्वेमंत्री आपल्या कोकणातले, सुरेश प्रभू. सीए माणूस, आकड्यांचा पक्का, मला आजही त्यांच्याविषयी आदर आहे. त्यांनी गृहमंत्र्यांना पत्र लिहून एनआयएचा, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेचा तपास मागितला. फेब्रुवारी २०१७ मध्ये ऐन उत्तर प्रदेशच्या निवडणुकीत, गोंड्याच्या सभेत खुद्द पंतप्रधान म्हणाले की कानपूरचा अपघात हा सीमेपलीकडून रचलेला कट होता. सीआरएसची चौकशी तेव्हा चालूच होती.

पुढे काय झालं ते फॉरवर्डमध्ये नाही. एनआयएने या प्रकरणात आरोपपत्रच दाखल केलं नाही. आणि सीआरएसचा निष्कर्ष? डब्यातला यांत्रिक बिघाड. गंज आणि तडे. घातपात नाही. 'सिद्ध झालं' म्हणजे कुठे? कोणत्या कोर्टात? सभेत टाळ्या पडल्या म्हणजे निकाल लागला का?

मला सगळ्यात राग याचा येतो. कट म्हटलं की डब्याच्या गंजाकडे कोण बघणार? वर्कशॉपमध्ये तो डबा कुणी पास केला, कधी केला, हे विचारणाराच मग देशविरोधी. आणि तसेच जुने डबे जोडलेल्या गाड्या त्या रात्रीही देशभर धावत होत्या, त्यांत माणसं झोपलेली होती.

घातपात कधी होतच नाही असं मी म्हणत नाही. मे २०१० मध्ये बंगालमध्ये ज्ञानेश्वरी एक्स्प्रेसखालच्या रुळाच्या क्लिपा काढून ठेवल्या होत्या. जवळजवळ दीडशे माणसं गेली. तो घातपातच. पण तिथेही रेल्वेमंत्री ममता बॅनर्जींनी आधी बॉम्बस्फोट म्हणून सांगितलं होतं, तेही पालिका निवडणुकांच्या तोंडावर. आणि गोध्र्याच्या साबरमती एक्स्प्रेसच्या आगीवर रेल्वेमंत्री लालूप्रसादांनी २००४ मध्ये स्वतःच्या खात्यातून जी बॅनर्जी समिती नेमली, ती गुजरात उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बेकायदा ठरवली. तेव्हा काका, हा एका पक्षाचा रोग नाही. त्या खुर्चीत बसलं की कारण आधी कळतं, असा काहीतरी प्रकार असावा.

आता ओडिशातलं बालासोर. २ जून २०२३ ला तिथल्या बहनगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्स्प्रेस मेन लाईन सोडून बाजूच्या लूप लाईनवर उभ्या मालगाडीत घुसली. रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव तिथे तळ ठोकून राहिले, ५१ तासांत लाईन सुरू झाली. मान्य, कौतुक आहे. पण ४ जूनच्या सकाळी 'कारण सापडलं, जबाबदार माणसंही कळली' हे त्यांनी का सांगावं? आणि त्याच संध्याकाळी सीबीआयची शिफारस? सीआरएसचा अहवाल आला जूनच्या अखेरीस. त्यात सिग्नलच्या गुमटीतली चुकीची वायरिंग तर होतीच, पण अहवाल तिथे थांबला नाही. त्याच खरगपूर डिव्हिजनमध्ये मे २०२२ मध्ये वायरिंगचाच असाच घोळ झाला होता, तेव्हाच दुरुस्ती केली असती तर हा अपघात झाला नसता, असं त्यात लिहिलं. सीबीआयने अटक केली ती सिग्नल खात्यातल्या तिघांना. 'कोण' हे पोलीस शोधतात. 'आधी एकदा झालं होतं तेव्हा वरचे काय करत होते' हे शोधायला सीआरएस लागतो. (बहनगा बाजारच्या वेळी शेजारच्या मंदिराला मशीद ठरवणारा फोटोही याच ग्रुपवर आला होता. असो.)

आता फॉरवर्डचा पहिला मुद्दा, आणि इथे मला थोडं नमतं घ्यावं लागेल. आयुक्त रेल्वेचाच माणूस, हे अर्धं खरं आहे. अधिकारी रेल्वेच्याच सेवांमधून येतात. त्यांच्या शिफारशी बोर्डावर बंधनकारक नाहीत, अहवाल सहसा लोकांसमोर येत नाहीत. पण तो रेल्वेमंत्र्यांच्या हाताखाली नाही. १९४१ मध्ये ही यंत्रणा मुद्दाम रेल्वे बोर्डापासून तोडली, आज ती नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे, मुख्यालय लखनौला. विमानवाल्यांकडे रेल्वेची चौकशी का, याचं उत्तर हेच. आणि जी उणीव उरते तिच्यावरचा उपाय रेल्वे सुरक्षेवर नेमलेल्या अनिल काकोडकरांच्या समितीने २०१२ मध्येच लिहून दिला: नियम करणं, गाड्या चालवणं आणि त्यावर देखरेख हे तिन्ही एकट्या बोर्डाकडे आहे, म्हणून कायद्याने वेगळं रेल्वे सुरक्षा प्राधिकरण करा. समितीने तपास बोर्डापासून आणखी लांब न्यायला सांगितलं. फॉरवर्डला तो मंत्र्यांच्या खिशात हवा आहे.

परदेशाचं एका ओळीत: ब्रिटनने १९९९ च्या लॅडब्रोक ग्रोव्ह अपघातानंतर रेल्वे अपघातांसाठी स्वतंत्र तपास शाखा काढली, आणि दोष कुणाचा हे ठरवणं तिचं काम नाही असं कायद्यातच लिहिलं.

हे सगळं टाइप करायच्या आधी दादाला फोन केला होता. तो ड्युटीवरून आला होता, जेवत होता. विचारलं, वेग न लिहिलेला कागद तुझ्या हातात दिला तर काय करशील? म्हणाला, "मास्तरला विचारीन. विचारलं की पाच-दहा मिनिटं जातात. गाडी लेट झाली की कंट्रोलचा फोन येतो, का उभा आहेस. मग जबाब द्यायचा." मागून वहिनींचा आवाज आला, आधी जेवा म्हणून.