न्यूट्रलचा तुकडा अर्थला जोडू नका, मामा

फिरत फिरत तो मेसेज शेवटी मामांकडे पोचला. 'वायरमन तुम्हाला हे कधीच सांगणार नाही' या थाटाचा, चार मुद्दे आणि शेवटी जोडलेले हात. मी सोडून दिला असता. पण मामांनी तो नुसता वाचला नाही, करून पाहिला. गीझरच्या सॉकेटमध्ये न्यूट्रलपासून अर्थच्या टोकापर्यंत बोटभर वायर जोडली आणि 'आता झिणझिण्या येत नाहीत बघ' म्हणून मला फोटोही पाठवला.

मेसेजचा पहिला मुद्दा हाच: 'न्यूट्रल आणि अर्थिंग शेवटी एकच. घरात अर्थिंग नसेल तर सॉकेटमध्येच दोन्ही जोडा.'

यात अर्धं खरं आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल बहुतेक ठिकाणी खरोखरच जमिनीला जोडलेली असते. पण घरात आल्यावर दोघींची कामं वेगळी. न्यूट्रलमधून परतीचा करंट सतत वाहतो. अर्थची वायर एरवी जवळजवळ रिकामी असते, बिघाड झाला की करंटला वाट मिळावी म्हणून राखून ठेवलेली. प्लगची अर्थ पिन उगाच लांब नसते. ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी, म्हणून.

आता मामांच्या तुकड्याचं बघा. मागे कुठेतरी एखादा स्क्रू ढिला होऊन न्यूट्रल सुटली. गीझर बंद. आपल्याला वाटणार, लाइट गेली. पण फेज, म्हणजे करंट आणणारी जिवंत वायर, येतेच आहे. ती गीझरच्या कॉइलमधून न्यूट्रलच्या टोकाशी पोचते आणि तिथून त्या बोटभर तुकड्यातून, अर्थच्या वायरीने, थेट गीझरच्या पत्र्यावर. गीझरमध्ये काडीचाही बिघाड नाही, तरी त्याच्या अंगावर २३० व्होल्ट, आणि नळाशी ओला हात! त्यातून सॉकेटला फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील, तर स्क्रू ढिला व्हायचीही वाट बघायला नको. बटण बंद असलं तरी पत्रा जिवंतच.

झिणझिण्या थांबल्या, बरोबर. गळणाऱ्या करंटला न्यूट्रलची वाट मिळाली. गळती तशीच आहे.

दुसरा मुद्दा: 'एमसीबी असेल तर शॉकची भीती नाही, आरसीसीबी हा कंपन्यांचा धंदा.' एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारं बटण, वायरीला वाचवते, माणसाला नाही. अंगातून किती करंट गेला की काय होतं, यासाठी आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेचा ६०४७९ क्रमांकाचा दस्तऐवज जगभर प्रमाण मानतात. त्यानुसार साधारण १० मिलिअँपिअरला स्नायू असे आखडतात की धरलेली वायर सुटत नाही. तीस-चाळीस मिलिअँपिअर काही सेकंद वाहिले की हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू. आता अंगाचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरा: २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरही नाही. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी तुम्ही म्हणजे छताचा एक पंखा. ती कशाला पडेल?

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ताडून बघते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ०.३ सेकंदाच्या आत तोडते. पण मामांच्या जोडणीत गळलेला करंटही न्यूट्रलनेच परततो. हिशेब जुळतो आणि कुणी पत्र्याला हात लावेपर्यंत ती आंधळी राहते. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरली, तर मात्र आरसीसीबीही वाचवत नाही, हेही मान्य. आणि ओव्हरलोड तिला कळत नाही, म्हणून दोन्ही लागतात.

उरलेले दोन मुद्दे फार वेळ देण्याच्या लायकीचे नाहीत. 'टेस्टर पेटला नाही म्हणजे वायर मेलेली': टेस्टरमधला दिवाच गेलेला असू शकतो. आधी चालू सॉकेटवर पेटवून बघा. 'फ्यूज सारखा उडतो तर जाड तार घाला': मग फ्यूजऐवजी भिंतीतली वायर जळेल.

मामांना फोन करून मेन बंद करायला लावला आणि वायरमनकडून तो तुकडा काढून घेतला. खरी अर्थिंग ओढायला तो पुढच्या आठवड्यात येतोय. "तोवर गीझरचं काय?" मामांनी विचारलं.

तोवर गीझर बंद, मामा.